गडावरची रात्र कुणाच्या पाण्यावर?

रहिमतपूरच्या जुन्या मशिदीजवळ सुमारे पन्नास फूट उंचीचा एक मनोरा आहे. त्याच्या एका अंगाला उतार बांधून काढलेला आहे. हत्तीच्या ताकदीने पाणी वर ओढायचं, मनोऱ्यावरच्या हौदात साठवायचं आणि तिथून मशिदीपुढच्या कारंज्याला सोडायचं, अशी ही योजना. १८८५च्या सातारा गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे. शेजारची कबर आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान याची मानतात, म्हणजे ही गोष्ट सतराव्या शतकातली.

सपाटीवरच्या गावात पन्नास फूट पाणी चढवायला हत्ती लागला. त्याच गावातून मान वर केली की वायव्येला जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. त्याच्या मागे उत्तरेला नांदगिरी, त्यापलीकडे चंदन-वंदनची जोडी आणि ईशान्येला खटावच्या वाटेवरचा वर्धनगड. या गडांवर शिबंदी बारा महिने राहत होती. तिथं पाणी चढवणारा हत्ती नव्हता, कारण चढवण्याची गरजच नव्हती. पाणी आभाळातून वरच पडत होतं. ते खाली पळून जाण्याआधी खडकात अडवायचं, एवढंच काम होतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मुक्काम’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यापुढे धर्मशाळा किंवा वारीतले तळ आले नाहीत. गडमाथ्यावरचे निळे-नारिंगी तंबू आले. दिवाळीनंतर होळीपर्यंत दर शनिवारी सातारा आणि सांगलीच्या डोंगरांवर असे तंबू उभे राहतात. कुठे राहायला परवानगी आहे, कुठे नाही, यावर ट्रेकर मंडळींत कायम वाद चालू असतो. पाण्याबद्दल मात्र एकच प्रश्न विचारला जातो, ‘वर पाणी आहे ना?’ आणि त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं.

नांदगिरीच्या पायथ्याला पाठीवर बोजे घेतलेल्या पोरांनी हाच प्रश्न ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारला. “आबा, वर पाणी आहे का?”

“हाय की. पर कोनत्या महिन्यात जाताय, त्यावर हाय,” आबा म्हणाले.

पोरं हसली आणि वाटेला लागली. आबांचं उत्तर मात्र या सगळ्या विषयाचं सार आहे.

खडक पाणी कसा धरतो

सह्याद्री एकसंध दगड नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला लाव्हा एकावर एक थरांनी वाहिला आणि थिजला. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या थराचा माथा कुजून, भाजून त्याची लाल माती झाली. तीच आपली गेरूची पट्टी. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथं काळ्या कातळात ही तांबडी रेघ लांबवर गेलेली दिसते.

पाण्याच्या दृष्टीने ही रेघ फार महत्त्वाची. पावसाचं पाणी वरच्या थराच्या भेगांतून, सांध्यांतून झिरपत खाली येतं. खाली चिकणमातीसारखी लाल पट्टी किंवा बिनभेगांचा घट्ट कातळ लागला की त्याची वाट बंद होते. मग ते आडवं सरकतं आणि डोंगराच्या कडेला, कातळाच्या बुडाशी बाहेर येतं. तो झरा. वाईजवळच्या कमळगडावर ही पट्टी पोटात शिरून पाहता येते. तिथं कातळातून पायऱ्या खाली उतरतात, लोक तिला गेरूची किंवा कावेची विहीर म्हणतात. आत गारवा आहे, भिंती लालभडक आहेत, पाणी मात्र नाही.

पश्चिमेकडचे उंच सडे वेगळे. कास, पाचगणी, कोयनेच्या वरचे माथे यांच्यावर जांभ्याची टोपी आहे. जांभा म्हणजे चाळणी. पावसाळ्यात सड्यावर पाऊल ठेवाल तिथं पाणी असतं, डबक्यांत फुलं उमलतात आणि डिसेंबर उजाडेपर्यंत वर ठणठणाट होतो. पाणी संपलेलं नसतं, टोपीच्या खाली उतरलेलं असतं. म्हणून सड्यावरची जुनी वाडी माथ्यावर सहसा नसते, माथ्याच्या जरा खाली, झऱ्याच्या अंगाला असते. जागा निवडणाऱ्यांनी भूगर्भशास्त्र वाचलं नव्हतं. त्यांना वैशाखातला हंडा भरायचा होता.

त्यात पावसाची तऱ्हा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला सरकत गेलं की तो झपाट्याने उतरत जातो आणि माण-खटावात पाचशेच्या घरात येतो. एकाच जिल्ह्यात, एका दिवसाच्या गाडीप्रवासात ही दोन टोकं भेटतात. रहिमतपूर त्यांच्या मधोमध, कोरड्या बाजूला झुकलेलं. त्यामुळे ‘सातारा जिल्ह्यातल्या गडावर पाणी मिळतं का’ असा एकच प्रश्न विचारणं चुकीचं ठरतं. आणि जास्त पाऊस म्हणजे जास्त पाणी, असंही नाही. जावळी-पाटणच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांवर आषाढात घराबाहेर पडता येत नाही आणि एप्रिलमध्ये हंडे रांगेला लागतात. उतार तीव्र, माती पातळ, पाणी थांबत नाही.

टाकं

म्हणून टाकं, म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद. गडावर मुक्काम करणाऱ्याला टाक्याची रचना समजली तर अर्धे नियम कुणी सांगावे लागत नाहीत.

टाकं खोदताना निघालेला दगड तटाला, बुरुजाला, वाड्याच्या जोत्याला वापरला जाई. एका कामात दोन कामं होत. उघडी टाकी पावसाचं वाहून येणारं पाणी धरतात. काही टाक्यांच्या भिंतीतच बारीक झरा असतो, ती उन्हाळ्यातही तग धरतात. तिसरा प्रकार खांबटाक्यांचा. कातळाच्या पोटात आडवं खोदत जायचं आणि वरचं छत पेलायला दगडाचे खांब तसेच ठेवायचे. आत ऊन पोचत नाही, त्यामुळे बाष्पीभवन कमी, शेवाळ कमी, पाणी गार. गडावर पिण्याचं पाणी कुठलं, हे ओळखायचं असेल तर आधी खांबटाकं शोधावं, असं जुने ट्रेकर सांगतात.

पाटणजवळच्या दातेगडावर, म्हणजे सुंदरगडावर, कातळात लांबट चिरेसारखी खोल विहीर आहे. पायऱ्या उतरत आत जावं लागतं आणि वाटेत महादेवाचं ठिकाण लागतं. नांदगिरीवर, म्हणजे कल्याणगडावर, याहून वेगळा प्रकार आहे. दरवाजाजवळून एक अंधारी गुहा डोंगरात शिरते. आत पाणी साठलेलं असतं, त्यातून चालत जावं लागतं आणि शेवटी दत्त आणि पार्श्वनाथ यांच्या मूर्ती आहेत. हिंदू आणि जैन दोन्ही भाविक तिथं येतात. गुहेतून बाहेर आलेल्या माणसाचे पाय गारठलेले असतात आणि बाहेर माळावर गवत वाळून पिवळं पडलेलं असतं.

गडाचं पाणी हा राज्यकारभाराचा विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त त्याची स्पष्ट शिकवण आहे: गड बांधण्याआधी पाणी पाहावं, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून तळी-टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे आटू शकतात, आणि साठवलेलं पाणी जपून ठेवावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या मजकुरात पाण्याला गडाचा बंदोबस्त मानलं आहे.

एकाच गडावर टाक्यांचे समूह असतात, त्याचाही उपयोग आहे. एक पिण्याचं, एक सांडण्याचं, एक जनावरांचं, अशी वाटणी पूर्वापार चालत आली. आजही डोंगरातला गुराखी गुरं नेमक्या टाक्यावर नेतो आणि स्वतः दुसऱ्या टाक्यावर पितो. बाहेरून आलेल्या माणसाला दोन्ही सारखीच दिसतात. तो पहिल्या दिसेल त्यात पाय सोडून बसतो.

टाक्यात उतरू नये, या नियमामागे नुसती शिस्त नाही, नारूचा इतिहास आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस उतरला की पायाच्या फोडातून कृमीच्या अळ्या पाण्यात सुटायच्या. पाण्यातले बारीक जलपिसू त्या गिळायचे आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू तयार व्हायचा. महाराष्ट्रातल्या खेड्यांनी हा रोग खूप सोसला. औषध नव्हतं, लस नव्हती. पायऱ्या बंद केल्या, पोहऱ्याने पाणी काढायला लावलं, फडक्यातून गाळून प्यायला शिकवलं. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. पाण्यात पाय घालायचा नाही, एवढ्या एका नियमाने हा रोग हटवायला मोठा हातभार लावला. दोरी बांधलेली बाटली टाक्यात सोडून पाणी काढणारा ट्रेकर नकळत हीच परंपरा चालवतो.

तीस माणसांचा हिशेब

गडावरचं पाणी पर्यटकांनी संपवलं, अशी तक्रार पायथ्याच्या गावांत ऐकू येते. ती किती खरी, हे साध्या गणिताने तपासता येतं.

चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल असं मध्यम उघडं टाकं धरू. काठोकाठ भरलं तर त्यात तीस हजार लिटर पाणी मावतं. तीस जणांचा गट एक रात्र राहिला, पिणं, चहा, खिचडी आणि भांडी मिळून माणशी पाच लिटर लागले, तर दीडशे लिटर गेले. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत प्रत्येक शनिवारी असा गट आला तरी साडेचार-पाच हजार लिटरच होतात.

आता ऊन पाहू. फेब्रुवारी ते मे या काळात दख्खनच्या उघड्या पाण्यावरून दिवसाला साधारण आठ मिलिमीटर पाणी उडतं. बारा चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते शंभराच्या आसपास लिटर होतं. चार महिन्यांत अकरा-बारा हजार लिटर. म्हणजे माणसांच्या दुप्पट पाणी एकटं ऊन पितं. तहानेने टाकं रिकामं होत नाही.

पण हाच हिशेब मे महिन्यात मांडला की चित्र पालटतं. तळाशी फूटभर पाणी उरलेलं असतं, म्हणजे साडेतीन हजार लिटर. त्यावर माकडं, मधमाश्या, पाखरं, गुरं आणि देवळात दिवा लावायला येणारा पुजारी यांचा जीव असतो. त्या आठवड्यात शंभर जणांचा गट एका रात्रीत पाचशे लिटर उपसतो, तेव्हा उरलेल्यातला सातवा भाग जातो. नोव्हेंबरात ज्याची दखलही घ्यावी लागत नाही, तो उपसा मे महिन्यात जिवावर बेततो. आबांनी पोरांना हेच सांगितलं होतं.

आणि या हिशेबात नासाडी धरलेली नाही. साबणाने घासलेली एक कढई, टाक्याच्या काठावर केलेला दात घासण्याचा कार्यक्रम, आत पडलेली नूडल्सची पिशवी, वरच्या उतारावर पहाटे उरकलेला विधी. वाहतं पाणी घाण पुढे नेतं, टाक्यातलं पाणी कुठेच जात नाही. ज्येष्ठापर्यंत ते जसं आहे तसं राहतं. पाणी उपसणारा दीडशे लिटर नेतो, नासवणारा तीस हजार लिटर नेतो. परदेशांत पायवाटांवर तंबू आणि शौच दोन्ही पाण्यापासून किमान दोनशे फूट, म्हणजे साठ मीटर दूर, असा दंडक शिकवतात. आपल्या गडांवर माथा कधी कधी एवढा अरुंद असतो की साठ मीटर मोजत गेलं तर कडा येतो. तिथं त्या दंडकाचा अर्थ एकच, अशा माथ्यावर मोठा गट मुक्कामाला नेऊच नये.

वासोट्याचा दरवाजा

नियम सर्वांत कडक कुठे दिसतो, ते पाहायला बामणोलीला जावं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावरचं हे गाव. तिथं वनखात्याची परवानगी घ्यायची, ओळखपत्र दाखवायचं, नाव-गाव लिहायचं आणि लाँचमध्ये बसायचं. पाणी कापत तास-दीड तास गेल्यावर पलीकडच्या काठावर मेट इंदवलीला उतरायचं. तिथं पुन्हा तपासणी. पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या, वेष्टनं मोजली जातात, अनामत रक्कम ठेवावी लागते आणि परतताना तेवढाच कचरा दाखवला की ती परत मिळते. मग जंगलातून चढ. अंधाराच्या आत खाली येऊन लाँच पकडायची. वासोट्यावर मुक्काम नाही.

एकेकाळी तिथं मुक्काम म्हणजे कैद होती, कधी लढाई. पेशवाईच्या उतरणीला ताई तेलिणीने हा गड पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याविरुद्ध महिनोन्‌महिने झुंजवला. गडावर पाण्याची टाकी आहेत, महादेवाचं देऊळ आहे, जुना चुन्याचा घाणा आहे. पूर्वी राहण्यासाठी बांधलेल्या जागेवर आज राहता येत नाही, हे अनेक गिर्यारोहकांना बोचतं.

कारण समजून घ्यायला हवं. कोयना अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. सांगलीच्या अंगाला चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचा गाभा सहाशे चौरस किलोमीटरचा. वासोटा आणि चांदोलीच्या कड्यावरचा प्रचितगड असे गड या जंगलात येतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२च्या २७व्या कलमाप्रमाणे अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. तो अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी मिळतो. ३०वं कलम आगीला मनाई करतं, ३१वं शस्त्राला.

पण मुक्कामबंदीचं सर्वांत पटणारं कारण कायद्यात लिहिलेलं नाही, ते पाणवठ्यावर दिसतं. उन्हाळ्यात जंगलातली छोटी डबकी आटतात आणि गवा, सांबर, अस्वल, बिबट्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात. यायची वेळ संध्याकाळ ते पहाट. माणसाला तंबूसाठी नेमकी तीच जागा आवडते आणि तीच वेळ मिळते. तिथं दहा जणांनी शेकोटी करून गाणी म्हटली तर त्या रात्री कितीतरी जनावरं तहानलेली परततात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं स्वतःच नागरिकांना पाणवठ्यावर बसवतं, पण मचाणावर, विडीकाडी न पेटवता आणि तोंड मिटून. पाण्यावर रात्र काढायची तर कशी, याची ही शिकवणीच.

एक विसंगती मात्र खटकते. अभयारण्याची दारं पावसाळ्यात बंद असतात, जळवा, पूर, निसरडे कडे, जलाशयातला वारा यामुळे. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण पाण्याच्या दृष्टीने पाहिलं तर माणसाला सर्वांत सहज सामावून घेणारा काळ बंद राहतो आणि पाणी तळाला गेलेले एप्रिल-मे उघडे राहतात.

एका डोंगराचे अनेक धनी

अभयारण्याबाहेर पाऊल टाकलं की नियम विस्कटतात. रहिमतपूरच्या आसपासचा कुठलाही डोंगर घ्या. उतार राखीव वनाचा, मधली पट्टी गायरान म्हणजे महसुलाची, एखादा तुकडा खाजगी, माथ्यावरचं देऊळ देवस्थानाचं आणि गड संरक्षित स्मारक असेल तर तट-बुरुज पुरातत्त्व खात्याचे. वाट एकच, धनी वेगवेगळे.

राखीव वनात भारतीय वन अधिनियम, १९२७ लागतो, तिथं विस्तव पेटवणं आणि बेकायदा शिरणं गुन्हा आहे. स्मारकांना राज्याचा १९६०चा कायदा आहे. २०१८ साली पुरातत्त्व संचालनालयाने राज्य संरक्षित गडांवर संध्याकाळनंतर थांबायला मनाई केली, कारण दारूपार्ट्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. गिर्यारोहण संस्थांना ते खटकलं. पिढ्यान्‌पिढ्या शिस्तीने मुक्काम करणारे आणि बाटल्या फोडणारे एकाच दंडुक्याने हाकले गेले, असं त्यांचं म्हणणं. २०२१ साली राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि प्रथमोपचार ठेवावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. हौशी मित्रमंडळींचा गट या चौकटीत फारसा सापडत नाही.

दुसरीकडे तापोळा-बामणोलीच्या काठाने तंबूंची भाडोत्री वस्ती वाढली. गादी, जेवण, शेकोटी आणि गाणी, सगळं ठरलेल्या दरात. तिथं पाणी जलाशयाचं, त्यामुळे टंचाई जाणवत नाही. पण सांडपाणी जातं त्याच जलाशयात.

काही ठिकाणी मात्र माणसं मोजणारी व्यवस्था दिसते. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात रोजची संख्या ठरवलेली आहे, शुल्क आहे, आसपासच्या गावांच्या समित्या कामाला आहेत. त्याचा उपयोगही झाला. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली हिमालयातल्या उंच गवताळ बुग्यालांवर रात्रीचे तंबूच बंद केले. आपल्याकडे आणि तिकडे, नियम माणसं मोजतो, वेळ मोजतो. पाणी कुणी मोजत नाही. एखाद्या टाक्याला मार्च महिन्यात किती माणसांची रात्र झेपेल, याचा आकडा कुठल्याच परवान्यावर नसतो.

विस्तवाची बाजू

पाणी कमी असण्याचा दुसरा चेहरा म्हणजे वणवा. आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात. गडाच्या उतारावर कमरेइतकं गवत वाळलेलं असतं. त्या दिवसांत माथ्यावर पेटलेली चूल विझवायला जे पाणी लागेल, तेच प्यायला ठेवलेलं असतं. म्हणून बहुतेक शेकोट्या नीट विझवल्या जात नाहीत. माती लोटली, दगड ठेवला, झोपले. पहाटे वारा सुटतो.

मार्च २०१८मध्ये तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने ट्रेकर्सना गाठलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. उतारावरचं वाळलेलं गवत, वारा आणि पळायला वाट नाही, ही परिस्थिती सह्याद्रीला अनोळखी नाही. गॅसचा छोटा स्टोव्ह, माथ्यावरच्या मोकळ्या कातळावर मांडलेला, हा त्यावरचा सोपा उपाय आहे. अनुभवी गट अलीकडे घरूनच भाकरी, चटणी, धपाटे नेतात. विस्तवही वाचतो आणि भांडी धुण्याचं पाणीही.

पाणी अडवणारी गावं

कोरेगाव तालुक्यातल्या लोकांना डोंगर आणि पाणी यांचं नातं कुणी शिकवावं लागत नाही. पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत झाली, त्यात कोरेगाव होता. पहिलं बक्षीस मिळवलं रहिमतपूरजवळच्या वेळू गावाने. उन्हाच्या तडाख्यात गावाने श्रमदान केलं, डोंगरउतारावर समतल चर खोदले, बांध घातले आणि पावसाचं पाणी जिथं पडतं तिथंच मुरवलं. अमात्यांनी गडासाठी सांगितलेलं काम गावाने शिवारासाठी केलं.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य हे आणखी पुढचं उदाहरण. जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचं. धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून उजाड डोंगरावर झाडं वाढवून ते उभं राहिलं. नैसर्गिक बारमाही पाणी तिथं नाही. जनावरांसाठी पाणवठे माणसाने बांधले, भरले, जपले. तिथल्या प्रत्येक हरणाच्या घोटाला कुणाच्या तरी हाताचा हिशेब आहे.

अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला गडावर शनिवारी रात्री घातलेली आंघोळ रागावण्याजोगी वाटली तर नवल नाही. खाली टँकरची वाट पाहणारं गाव आणि वर बाटल्यांनी हात धुणारा गट, यांच्यात हजार फुटांचं अंतर असतं. टाक्यांतला गाळ उपसायला उन्हाळ्यात येणारे दुर्गसंवर्धक तरुण या दोघांमधला दुवा आहेत. पण संरक्षित गडावर गाळ उपसायलाही पुरातत्त्वची परवानगी लागते, कारण गाळात नाणी, गोळे, भांडी दडलेली असू शकतात. रास्त अट आहे. मात्र परवानगी मे महिन्याच्या आत मिळाली तरच तिचा उपयोग, नाहीतर पाऊस येतो आणि गाळ आणखी एक वर्ष बसून राहतो.

पायथ्याची पाटी

अमेरिकेत पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल नावाची हजारो किलोमीटरची पायवाट आहे. तिच्या कोरड्या टप्प्यांत चालणारे एकमेकांना पाण्याचा अहवाल देतात, कुठला झरा चालू, कुठली टाकी कोरडी, कुठल्या तारखेला पाहिली. सरकारी हुकूम नाही, चालणाऱ्यांचीच रीत. आपल्याकडे ही माहिती गुराख्याकडे, धनगराकडे, गडावरच्या पुजाऱ्याकडे आधीपासून आहे. ती विचारली जात नाही आणि लिहिली जात नाही.

ती लिहायला फार खर्च येत नाही. पायथ्याच्या गावाने टाक्यात एक खूण केलेली काठी सोडावी आणि पंधरवड्यातून एकदा पाण्याची उंची पाहून पाटीवर खडूने तारीख घालून मांडावी. पाणी अर्ध्यावर असेल तोवर मोठे गट, त्याखाली गेलं की दहा माणसं, आणि फूटभर उरलं की मुक्काम बंद, फक्त दिवसाची भेट आणि आपलं पाणी आपल्या पाठीवर. माणशी चार लिटर म्हणजे चार किलो. काठी गावाची, पाटी गावाची, तर नियम मोडणाऱ्याला अडवण्याचा हक्कही गावाचा. वनखातं आणि पुरातत्त्व खातं यांनी त्या पाटीला परवान्याचा दर्जा द्यावा, एवढंच त्यांच्याकडून हवं.

जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात साताऱ्याचा प्रतापगड आहे. गर्दी वाढणार आणि ती शेजारच्या, नाव न झालेल्या गडांकडेही वळणार. त्या गडांवर ना तिकीटघर असेल ना पहारेकरी. तिथं फक्त टाकं असेल. किती माणसांची रात्र झेपेल, हे तेच ठरवणार आहे. आपण ते आधी वाचायचं की कोरडं पडल्यावर, एवढाच पर्याय आपल्या हातात आहे.